एसएमपीएस घेताय भाऊ? डब्यावरचा मोठा आकडा सोडा, स्टिकर वाचा

दरवर्षी एप्रिल उजाडला की आमच्या काउंटरवर बंद पडलेल्या पीसींची रांग लागते आणि प्रत्येकाचं एकच वाक्य, "भो, रात्री चांगला चालू होता, सकाळी बटण दाबलं तर चालूच होऊन नई राह्यला." दहातल्या बऱ्याच केसमध्ये गेलेला असतो एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, कॅबिनेटमधला तो मागे पंखा असलेला लोखंडी डबा. तो एकटा गेला तर नशीब. वाईट तेव्हा वाटतं जेव्हा सहाशे-सातशेचा डबा जाताना पाच-सात हजाराचा मदरबोर्ड आणि पोरांचे फोटो असलेली हार्ड डिस्क सोबत घेऊन जातो. तेच तेच तोंडी सांगून आमचा घसा बसला म्हणून हा कागद छापलाय. बिलासोबत घरी न्या, सावकाश वाचा.

आधी हा डबा करतो काय ते बघू. भिंतीतून येते ती लाईट २३० व्होल्ट एसी, आणि आतल्या बोर्डाला लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी. हे रूपांतर हाच डबा करतो, आणि नुसतं करून भागत नाही, ते स्थिर ठेवावं लागतं. १२ ची लाईन ११.४ च्या खाली आणि १२.६ च्या वर जायला नको असं एटीएक्सचं, म्हणजे पीसीच्या डब्यांसाठी ठरलेल्या नियमांचं, माप आहे. आजकालचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही जवळपास सगळं १२ च्या लाईनवरच खातात, म्हणून आमच्या मते एसएमपीएस घेताना बघायचा पहिला आकडा १२ व्होल्टचा, बाकी सगळं नंतर.

आता स्टिकर. डब्याच्या बाजूला एक छोटं टेबल छापलेलं असतं, कोणी वाचत नाही. परवा एका गिऱ्हाईकाने कॅबिनेटसोबत "फ्री" आलेला एसएमपीएस आणला, वर ठळक अक्षरात ४५० वॅट. टेबलात +१२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर. गुणाकार करा, १२ गुणिले १४, झाले १६८ वॅट. मग ४५० आले कुठून? ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाईनी, ज्यांचं आता फारसं काम उरलेलं नाही, त्यांची बेरीज लावलेली असते, नाहीतर क्षणभर निघणारा पीक आकडा छापलेला असतो, नाहीतर सरळ मनाला येईल ते. चांगल्या ४५० वॅटच्या मालावर १२ व्होल्टच्या खाली ३५ च्या पुढे अँपिअर दिसतात, म्हणजे ४२० वॅटच्या वर एकट्या १२ वरच मिळतात. हा एक गुणाकार दुकानात उभ्या उभ्या मोबाईलवर केला तरी अर्धा खोटा माल तिथंच गळतो. मग तो डबा हातात घेऊन वजन बघा. आत कॉइल, हीटसिंक, फिल्टरचे पार्ट पूर्ण असले की डबा जड लागतो, हलका फुलासारखा लागला की समजून जा आत काय काय लावलंच नाही.

चोपड्याकडचा एक पोरगा लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करतो. लग्नसराई चालू झाली आणि त्याचा पीसी रेंडरिंगला लावला की पाच मिनिटात रिस्टार्ट. बिचाऱ्याने विंडोज दोनदा मारली, रॅम बदलली, व्हायरस असेल म्हणून कोणीतरी पैसे घेतले. आमच्याकडे आणला तेव्हा बघितलं, आय५-१२४०० प्रोसेसर जो जोरात आला की ११७ वॅटपर्यंत ओढतो, आणि आरटीएक्स ३०६० कार्ड ज्याचं माप १७० वॅट, दोघांचे मिळून २८७ झाले आणि डबा तोच १२ व्होल्ट १४ अँपिअरवाला. कार्डची ८ पिन त्या डब्यात नव्हतीच, तर कोणीतरी हार्ड डिस्कच्या दोन पिनांना जोड लावून बनवून दिलेली, तो जोड पिवळा पडून वितळायला लागला होता, वास पण येत होता. त्या कार्डला कंपनीच ५५० वॅटचा चांगला सप्लाय सांगते. ५५० चा ब्रॉन्झ (ही वीज वाचवायची ग्रेड, पुढं सांगतो) टाकला, त्यानंतर रेंडर मधेच बंद पडलं नाही. विंडोज मारायचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

मग किती वॅटचा घ्यायचा? सेवा केंद्र, टायपिंग क्लास, टॅली, दवाखान्याची पावती, असं काम असेल आणि वेगळं कार्ड नसेल तर पूर्ण पीसी १५० वॅटसुद्धा खात नाही, खरा ४०० किंवा ४५० चा घ्या आणि विसरून जा. जीटीएक्स १६५० सारखं कार्ड ७५ वॅटचं, त्यातली बरीचशी मॉडेल मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच वीज घेतात, त्यालाही खरा ४५० पुरतो. ३०६० च्या लाईनीतलं कार्ड असलं की ५५० च्या पुढे. कोणी आला की "मला साडेसातशेचाच द्या, पुढं कामाला येईल" म्हणतो, आमचं काय जातं, आम्ही देऊ पण, पण साध्या पीसीला तो पैसा एसएसडीत घातलेला बरा.

आता खान्देशची गोष्ट, कारण पुण्या-नाशिकचा सल्ला इथं जसाच्या तसा लागत नाही. डब्यावर ८० प्लस, ब्रॉन्झ, गोल्ड असं लिहिलेलं असतं. ही पद्धत २००४ पासून चालू आहे, साध्या ८० प्लसचा अर्थ एवढाच की २०, ५० आणि १०० टक्के लोडवर भिंतीतून घेतलेल्या विजेतली निदान ८० टक्के वीज कामी येते, उरलेली उष्णता होऊन जाते. ब्रॉन्झ, गोल्ड या त्याच्या वरच्या पायऱ्या. पण ही चाचणी होते साधारण २३ डिग्रीच्या खोलीत. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५ आणि पत्र्याच्या खोलीत कॅबिनेटच्या आत अजून वर. म्हणून डब्यावर किंवा कंपनीच्या साइटवर बघा की हे वॅट किती तापमानाला दिले आहेत, काही कंपन्या २५ डिग्रीला देतात, काही ४० ला, चांगल्या ५० ला. आमच्या भागात ४० च्या खालचा माल घेऊच नका असं आमचं स्पष्ट मत. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे पार्ट, पण ८५ डिग्रीचे आणि १०५ डिग्रीचे असे दोन असतात, आणि ठोकताळा असा की दहा डिग्री गरमी वाढली की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. उन्हाळ्यातच डबे का फुटतात ते यावरून कळेल. आणि हो, ८० प्लसचं स्टिकर कोणीही छापून चिकटवू शकतो, त्यांच्या वेबसाइटवर मॉडेलची यादी असते, तिथं आपलं मॉडेल सापडतं का बघा, नाही जमलं तर आम्ही समोर उघडून दाखवतो.

बिलाचं पण सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. पीसी आत २०० वॅट वापरतोय असं धरा. डबा ७० टक्केवाला असला तर मीटरमधून २८६ वॅट जातात, ८८ टक्केवाला असला तर २२७. फरक ५९ वॅट. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, झाली साधारण १४२ युनिट. तुमच्या दराने गुणा. क्लासमध्ये असे दहा पीसी असले तर सर, तुम्हीच हिशोब करा. घरगुती दोन तासाच्या वापराला ब्रॉन्झ भरपूर झाला, गोल्डला जास्त पैसे फक्त दिवसभर लोड चालणाऱ्यांनीच घालावेत.

लाईटीचं तर काय बोलायचं. संध्याकाळी डीम, रात्री मोटारी बंद झाल्या की एकदम फुल्ल. ॲक्टिव्ह पीएफसी (लाईनीतून वीज नीट ओढायला लावणारं आतलं सर्किट) असलेले चांगले सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतात, डीम लाईटीत ते टिकतात. जुन्या डब्यांना मागे लाल खटका असायचा ११५ आणि २३० चा, अशा डब्याचा खटका कोणी पोराने ११५ वर केला आणि चालू केला की फट्ट. पण सगळ्यात घातक म्हणजे डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रल तुटणं किंवा सैल होणं. मग एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारी ३०० च्याही वर व्होल्टेज जातं. यात कोणताही सप्लाय वाचेलच अशी गॅरंटी आम्ही देणार नाही, पण ओव्हरव्होल्टेज आणि शॉर्ट सर्किटचं प्रोटेक्शन असलेला डबा बहुतेक वेळा स्वतः मरतो आणि बोर्डाला वाचवतो, हलका डबा मरताना काय सोडेल सांगता येत नाही. दिवे अचानक जास्त उजळ दिसले की पहिलं पीसीचं बटण बंद करा आणि वायरमनला फोन लावा.

यूपीएस बद्दल एकच गोष्ट, त्यावर छापलेलं ६०० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) म्हणजे ६०० वॅट होत नाही, साधारण ३६० वॅट. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की पायऱ्या-पायऱ्यांची वीज देतो आणि ॲक्टिव्ह पीएफसीवाले काही सप्लाय ती बघून बंद पडतात. म्हणून तुमचा यूपीएस दुकानात घेऊन या, नवा सप्लाय लावून समोर प्लग उपसून दाखवतो, चालला तर घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याच्या मागचा खटका यूपीएस मोडवर करा, नॉर्मल मोडवर तो लाईट बदलायला इतका वेळ घेतो की पीसी रिस्टार्ट होतो आणि मग दोष एसएमपीएसवर येतो.

अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, बरोबर? एका केंद्रावरचा ऑपरेटर वर्षभर पायाखाली लाकडी पाट घेऊन बसायचा, म्हणायचा कॅबिनेटमध्ये करंट उतरलाय, डबा बदला. डबा चांगला होता. प्रत्येक एसएमपीएसमध्ये फिल्टरसाठी छोटे कपॅसिटर असतात ते थोडीशी वीज कॅबिनेटकडे सोडतात, ती अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे, अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटवर ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात, आणि ते जातात तुमच्या बोटातून. आपल्याकडं काळी माती, पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात हातभर भेगा, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो. तिथं मीठ-कोळसा आहे का बघा आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोन बादल्या पाणी टाका. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या, ३ च्या आत असलं तर आम्ही ठीक समजतो. तीन पिनच्या प्लगची मोठी पिन तोडून दोन पिनमध्ये घालणाऱ्यांना आम्ही हात जोडतो.

धूळ आणि पाली यांचं काय करणार! जिनिंगच्या ऑफिसमधला डबा उघडला तर पंख्यावर रुईची गादी, वातीसारखी पिळलेली. आणि थंडीत ऊब बघून पाल मागच्या जाळीतून आत शिरते, मग ती पण जाते आणि डबा पण. अशा डब्याची वॉरंटी कंपनी देत नाही हे आत्ताच सांगून ठेवतो. दोन-तीन महिन्यांनी बाहेरून ब्लोअर मारा, खाली पंखा असलेला कॅबिनेट जमिनीवर न ठेवता विटेवर नाहीतर स्टूलवर ठेवा. पण डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहते, आमच्या टेबलावर शिकाऊ पोराला एकदा बसलाय झटका, तेव्हापासून तो डब्याला नमस्कार करतो.

व्हिडिओ बघून हिरवी-काळी वायर तारेने जोडून "पंखा फिरतोय म्हणजे डबा चांगला" असं ठरवू नका, पंखा फिरला याचा अर्थ एवढाच की तो पूर्ण मेलेला नाही. आम्ही लोड देऊन मीटर लावतो, १२ ची लाईन ११.४ च्या खाली गेली की डबा बाद. वायरी निघणारे मॉड्युलर सप्लाय असतील तर एकाची वायर दुसऱ्याला लावू नका, पिन बसते पण आतला क्रम कंपनीगणिक वेगळा असतो, ड्राइव्ह जळालेली बघितलीय. मोठ्या कंपनीचे ऑफिसमधून निघालेले जुने डेस्कटॉप घेतले असतील तर बऱ्याच वेळा त्यांच्या बोर्डाला नेहमीची २४ पिन नसते, साधा एटीएक्स डबा त्यात बसणार नाही, आधी फोटो पाठवा.

कंपनी कोणती? एकाच कंपनीचं एक मॉडेल उत्तम आणि दुसरं नुसतं डब्याला रंग, असं असतं, म्हणून आम्ही नावापेक्षा मॉडेल आणि वॉरंटी बघतो. स्वस्त डब्याला एक वर्ष, बऱ्या मालाला ३ ते ५, वरच्याला ७ ते १० वर्ष. जी कंपनी दहा वर्ष लिहून देते तिने आत काहीतरी घातलेलं असतं. बिल आणि खोका दोन्ही जपून ठेवा, खोका रद्दीत घालून वॉरंटीला येणारे महिन्याला दोन तरी असतात.

येताना एवढं आणा: चालू डब्याच्या स्टिकरचा फोटो, मदरबोर्डाचं आणि ग्राफिक कार्डचं नाव, यूपीएस असला तर यूपीएस. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, तेवढा वार सोडून या म्हणजे निवांत बसून तपासता येईल.