चॅम्पियन हिल: विक्सबर्गच्या वेढ्याआधीची लढाई

अमेरिकेतलं यादवी युद्ध आपल्याकडे आठवतं ते मुंबईच्या कापसामुळे. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इथल्या व्यापाऱ्यांची चांदी झाली. लढायांपैकी मात्र गेटिसबर्ग तेवढं कानावर येतं. चॅम्पियन हिल नाही.

१८६३ च्या सुरुवातीला मिसिसिपी नदीवर दक्षिणेचा ताबा उरला होता तो विक्सबर्ग ते पोर्ट हडसन एवढ्याच पट्ट्यात. विक्सबर्ग उंच कड्यावर, म्हणजे नदीतून येणारी बोट थेट तोफांच्या तोंडी. उत्तरेचा सेनापती ग्रँट याने कालवा खणून शहराला बगल द्यायचा खटाटोप केला, तो फसला. (१८७६ मध्ये नदीने आपणहून वाट बदलली!) अखेर १६ एप्रिलच्या रात्री उत्तरेच्या आरमाराचा अधिकारी पोर्टर याची जहाजं तोफांच्या माऱ्यातून निसटली आणि ३० एप्रिलला फौज शहराच्या खाली, ब्रुइन्सबर्गला पूर्वतीरावर उतरली. ग्रँटने सरळ विक्सबर्ग न गाठता १४ मे रोजी मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन घेतली.

विक्सबर्ग राखत होता पेम्बर्टन. जन्माने उत्तरेतला, बायको व्हर्जिनियाची. दक्षिणेचे अध्यक्ष डेव्हिस म्हणत, शहर सोडू नका. वरिष्ठ सेनापती जॉन्स्टन म्हणे, बाहेर पडून मला येऊन मिळा. दोन घरचा पाहुणा उपाशी! पेम्बर्टनने तिसरंच केलं: ग्रँटची रसद तोडायला निघाला. वाटेत ओढ्याला पूर, त्यात वेळ गेला. १६ मेच्या सकाळी जॉन्स्टनचा पुन्हा हुकूम आला, तेव्हा फौज उलटी फिरवायला घेतली. जॉन्स्टनच्या आधीच्या हुकमाची प्रत ग्रँटच्या हाती केव्हाच पडली होती, कारण ती नेणाऱ्यांतला एक त्याचाच हेर होता.

पेम्बर्टनच्या सामानाच्या गाड्या वळत असतानाच तोंड लागलं. चॅम्पियन कुटुंबाच्या जमिनीवरची टेकडी उत्तरेच्या हव्हीच्या तुकडीने घेतली, दक्षिणेच्या बोवेनने ती परत हिसकावली, आणि उत्तरेच्या ताज्या कुमकेपुढे पुन्हा गमावली. उत्तरेचे सुमारे २,४०० आणि दक्षिणेचे ३,८०० जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. दक्षिणेच्या लोरिंगची तुकडी तर माघारीत मुख्य फौजेपासून तुटली ती तुटलीच.

पुढे विक्सबर्गला ४७ दिवसांचा वेढा. लोक टेकड्यांत गुहा खणून राहिले. कागद संपला म्हणून वर्तमानपत्र भिंतीला चिकटवायच्या नक्षीच्या कागदामागे छापलं जाई. ४ जुलैला शहर पडलं, तेव्हा ग्रँटच्या शिपायांना छापखान्यात जुळवून ठेवलेला अंक सापडला. त्यांनी खाली आपल्या चार ओळी जोडून तो छापून टाकला.