सोशल सिक्युरिटी मिळाली म्हणजे १०० टक्के पक्के?

अमेरिकेतल्या माजी सैनिकांत एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: सोशल सिक्युरिटीने, म्हणजे तिथल्या सरकारी सामाजिक विमा योजनेने, अपंगत्व मान्य केलं की व्हीए, म्हणजे तिथलं माजी सैनिकांचं खातं, आपोआप १०० टक्के रेटिंग, म्हणजे भरपाईसाठी धरायची अपंगत्वाची टक्केवारी, देतं. तसं नाही. सोशल सिक्युरिटीत टक्के नसतातच. माणूस काम करू शकतो का, एवढंच बघतात, आणि त्यात सगळे आजार धरतात. व्हीए फक्त सेवेशी जोडलेले आजार मोजतं. तरी सोशल सिक्युरिटीची कागदपत्रं व्हीएच्या दाव्याला पुरावा म्हणून जरूर जोडावीत.

उलटी भीतीही खोटी. अपंगत्वाचा सोशल सिक्युरिटी विमा आणि व्हीएची भरपाई दोन्ही एकाच वेळी मिळतात, काटछाट नाही. एसएसआय ही गरजूंची योजना वेगळी; तिथे व्हीएची रक्कम उत्पन्नात धरतात.

व्हीएच्या दाव्यासाठी तपासणारा डॉक्टर टक्के ठरवतो, ही आणखी एक लोणकढी. तो अहवाल लिहितो, आकडा व्हीएचा अधिकारी लावतो. गुडघा ३० अंशांपुढे वाकत नसेल तर २० टक्के, १५ अंशांवरच अडत असेल तर ३०. त्यामुळे डॉक्टरसमोर दात-ओठ खाऊन गुडघा वाकवून दाखवायची फौजी खोड महागात पडते. आणि सबळ कारणाशिवाय तपासणी चुकवली, तर दावा फेटाळलाही जाऊ शकतो.