केल्व्हिन यांचं गणित बरोबर होतं

१८६२ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी पृथ्वीचं वय काढलं. रीत देखणी होती. खाणीत खोल उतरावं तसं गरम होत जातं, साधारण सत्तावीस-अठ्ठावीस मीटरला एक अंश सेल्सिअस. पृथ्वी सुरुवातीला सुमारे ३,९०० अंशांचा तप्त गोळा होती आणि तेव्हापासून नुसती निवत आली आहे असं धरलं, तर तापमानाची ही चढण काळानुसार सौम्य होत जायला हवी. आजची चढण मोजायची, गणितज्ञ फूरिये यांच्या उष्णतावहनाच्या (पदार्थातून उष्णता कशी सरकते याच्या) समीकरणात घालायची, की वय हातात. उत्तर आलं ९ कोटी ८० लाख वर्षं. मोजमापांतली अनिश्चितता धरून २ ते ४० कोटी. १८९७ पर्यंत त्यांनी ते २ ते ४ कोटींवर आवळत आणलं.

भूवैज्ञानिकांना हे पटेना. खडकांचे थर साचायला, डोंगर झिजायला एवढा वेळ पुरत नाही, हे त्यांना दिसत होतं. पण त्यांचे आकडे ढोबळ होते. इंग्लंडमधल्या एका खोऱ्याच्या झिजेवरून डार्विन यांनी ३० कोटी वर्षांचा अंदाज बांधला होता; टीका झाल्यावर ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८६१ च्या आवृत्तीतून तो गाळला. १८६९ मध्ये जीवशास्त्रज्ञ हक्सली यांनी गणिताला जात्याची उपमा दिली: दळण कितीही बारीक निघो, वर टाकलं तेच खाली येणार. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून? शेरा चपखल होता, पण नेमकं काय चुकलंय ते त्यांनाही दाखवता आलं नाही.

मग ‘ठाऊक’ कोणाला होतं? ज्ञानमीमांसेतली, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावं याच्या तत्त्वज्ञानातली, जुनी व्याख्या सांगते की ज्ञान म्हणजे खरा आणि सबळ आधार असलेला विश्वास. भूवैज्ञानिकांचा विश्वास खरा होता, आधार लंगडा. केल्व्हिन यांचा आधार भक्कम दिसत होता, विश्वास खोटा. शिवाय त्यांच्या बाजूने दुसरा साक्षीदारही होता: सूर्य. आकुंचन पावताना सूर्य किती काळ उष्णता देऊ शकेल, याचंही गणित काही कोटी वर्षांवरच येत होतं. दोन वाटा एकाच गावी पोचल्या की कोणालाही खात्री वाटेल.

खरा घाव घातला तो केल्व्हिन यांचेच जुने साहाय्यक जॉन पेरी यांनी, १८९५ मध्ये. गणिताला त्यांनी हात लावला नाही. गृहीतकांपैकी एक उचललं. पृथ्वीच्या पोटातली उष्णता घन दगडातूनच वाहते हे कशावरून? आतलं द्रव्य संथपणे का होईना वरखाली फिरत असेल, तर खोलवरची उष्णता सतत वर येत राहील आणि पृष्ठभागाजवळची चढण फार काळ तीव्र राहील. म्हणजे तीच चढण २०० ते ३०० कोटी वर्षांच्या पृथ्वीलाही शोभते. फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

पाठ्यपुस्तकी गोष्ट वेगळी असते: किरणोत्साराचा (काही अणू आपोआप फुटत राहतात याचा) शोध लागला, त्यातून उष्णता मिळते हे कळलं आणि केल्व्हिन हरले. पृथ्वीपुरतं हे पटण्यासारखं नाही. नुसत्या वहनाच्या त्यांच्या प्रतिरूपात किरणोत्साराची उष्णता मिळवली तरी उत्तर फारसं हलत नाही, कारण तेवढ्या काळात फक्त वरच्या शंभरेक किलोमीटरमधली उष्णता बाहेर येऊ शकते. चूक पेरी यांनी दाखवली तिथेच होती. (सूर्याची गोष्ट निराळी, तिथे खरोखरच अणुगर्भातली ऊर्जा अज्ञात होती. अज्ञात स्रोत असू शकतो, ही पळवाट केल्व्हिन यांनी स्वतःच लिहून ठेवली होती.)

किरणोत्साराने दिलं ते घड्याळ: युरेनियमचं ठरावीक गतीने शिसं होत जातं. १९०७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ बोल्टवूड यांनी युरेनियम आणि शिसं यांच्या प्रमाणावरून खनिजांची वयं ४१ ते २२० कोटी वर्षं काढली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात केल्व्हिन गेले. १९५६ मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ पॅटरसन यांनी अशनींवरून (अवकाशातून पडलेल्या दगडांवरून) ४५५ कोटी हा आकडा दिला, आणि आजही तो जवळपास तसाच आहे.

पण दोन उत्तरं जुळली म्हणून केल्व्हिनही निर्धास्त होते. मग आपण का असावं? इथे युरेनियमची दोन समस्थानिकं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे दोन प्रकार, कामाला येतात. एकाचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) सुमारे ४४७ कोटी वर्षं, दुसऱ्याचं ७० कोटी. दोन्ही एकाच स्फटिकात असतात, दोन्हींचं शेवटी शिसंच होतं, फक्त वेगवेगळं. मधे कधी त्यातलं शिसं निसटलं असेल, तर सहसा दोन्ही घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात आणि तपासणाऱ्याला बिघाड कळतो. निवणाऱ्या पृथ्वीच्या गणितात असं दुसरं घड्याळ नव्हतं.