मार्खोर

मार्खोर : समखुरी गणाच्या बोव्हिडी कुलातील, पिळाच्या शिंगांची रानशेळी. शास्त्रीय नाव कॅप्रा फाल्कोनेरी. पाकिस्तानचा हा राष्ट्रीय प्राणी. पाकिस्तान, अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि भारतातील जम्मू-काश्मीर येथील कड्याकपारींत, सु. ६०० ते ३,६०० मी. उंचीवर त्याचे तुटक तुटक कळप आढळतात.

पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ११० किग्रॅ.पर्यंत भरते. हनुवटीपासून छातीपर्यंत लांब केस लोंबतात. नराची शिंगे १६० सेंमी.पर्यंत वाढतात, मादीची जेमतेम २५ सेंमी. माजाचा काळ हिवाळ्यात येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एक किंवा दोन करडे होतात. पाकिस्तानच्या वायव्येकडील चित्राळमध्ये हिवाळ्यात पाल्यासाठी मार्खोर सदाहरित ओकच्या झाडांवर चढतात. हिमबिबट्या हा त्यांचा मुख्य शत्रू.

उपजातींचा प्रश्न : जर्मन प्राणिशास्त्रज्ञ योहान आंड्रेआस वाग्नर यांनी १८३९ मध्ये या जातीचे वर्णन केले. जातिनाम ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ ह्यू फाल्कनर यांच्यावरून पडले. शिवालिकमधील जीवाश्मांच्या अभ्यासासाठी ते प्रसिद्ध आहेत. पुढील संशोधकांनी जवळजवळ केवळ शिंगांच्या आकारावरून अस्तोर, काश्मीर (पीरपंजाल), काबूल, सुलेमान आणि बुखारा असे प्रकार पाडले. अस्तोरच्या नराची शिंगे बाजूंना रुंद फाकतात व पीळ सैल असतो. सुलेमान पर्वतातील शिंग सरळ असून मळसूत्रासारखे घट्ट पिळलेले असते. काबूल प्रकार या दोहोंच्या मधला. एकाच भागातील नरांतही पिळाचे प्रमाण बदलते, यावर बोट ठेवून वन्यजीव संशोधक जॉर्ज शेलर आणि अमानुल्ला खान यांनी १९७५ मध्ये अस्तोर व काश्मीर यांना ‘फाकशिंगी’, तर काबूल व सुलेमान यांना ‘सरळशिंगी’ या एकेका उपजातीत आणले. बुखारी मार्खोर वेगळाच राहिला. तीन उपजातींची ही मांडणी अधिक सयुक्तिक दिसते, तरी शिकारीच्या व्यवहारात जुनी नावे टिकून आहेत.

हा वाद केवळ वर्गीकरणाचा नाही. अमेरिकेने १९७६ मध्ये सरळशिंगी मार्खोराला ‘संकटग्रस्त’ यादीत घातले; त्यामुळे अमेरिकी शिकाऱ्यांना बलुचिस्तानातील मार्खोराची शिंगे मायदेशी नेणे फार अवघड झाले, आणि याच शिकारीच्या पैशावर तेथील संवर्धन उभे होते. २०१४ मध्ये हा दर्जा शिथिल झाला.

संवर्धन : राष्ट्रीय प्राणी म्हणून मान असूनही मार्खोराची शिकार थांबली नव्हती. १९७९ नंतरच्या अफगाण युद्धाने सीमाभागात स्वयंचलित बंदुका आल्या आणि कळप झपाट्याने घटले. बलुचिस्तानच्या किला सैफुल्ला जिल्ह्यातील तोरघर डोंगरात १९८०च्या दशकाच्या मध्यास शंभरहून कमी मार्खोर उरल्याचा अंदाज होता. तेथील जोगेझाई घराण्याच्या पुढाकाराने पठाण जमातींनी स्वतःची शिकार बंद केली व गावातलेच राखणदार नेमले. त्यांचा पगार परदेशी शिकाऱ्यांना दिलेल्या मोजक्या परवान्यांतून निघे. नमुना-गणनेवर आधारलेले अंदाज १९९४ मध्ये सु. ७००, तर २००५ मध्ये सु. २,५०० असे आहेत. आकड्यांत थोडेफार अंतर धरले, तरी वाढ निर्विवाद आहे, आणि तिचे श्रेय प्रथम डोंगरातल्या माणसांनाच द्यावे लागते.

साइट्स कराराच्या (संकटातील जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) परिशिष्ट १ मध्ये असलेल्या या प्राण्यासाठी १९९७ मध्ये पाकिस्तानला वर्षाला ६ नरांची शिंगे निर्यात करण्याची मुभा मिळाली. २००२ मध्ये ती १२ झाली. परवान्याच्या रकमेतील ८० टक्के स्थानिक समाजाला मिळतात. चित्राळमधील लिलावात अलीकडे एका परवान्याला दोन लाख डॉलरहून अधिक बोली लागली आहे. परवाना म्हाताऱ्या नरापुरताच असतो; मात्र सर्वांत मोठ्या शिंगांचे नर सातत्याने निवडल्याचा पुढील पिढ्यांवर काय परिणाम होईल, हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २०१५ मध्ये मार्खोराचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून ‘संकटसमीप’ असा सुधारला. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये २४ मे हा आंतरराष्ट्रीय मार्खोर दिन ठरवला.

धोका केवळ शिकारीचा नाही : ताजिकिस्तानात २०१० मध्ये मायकोप्लाझ्मा या जीवाणूच्या साथीने किमान ६४ मार्खोर दगावले.

भारतात परवाना-शिकारीला वाव नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये मार्खोराचा समावेश आहे. काझिनाग राष्ट्रीय उद्यान व शोपियानजवळील हिरपोरा अभयारण्य ही त्याची मुख्य ठिकाणे. २००४-०५ च्या पाहणीत जम्मू-काश्मीरमध्ये सु. ३५० मार्खोर असावेत असे आढळले. हिरपोऱ्यातून मुघल रस्ता जातो, आणि उन्हाळ्यात बकरवाल या भटक्या पशुपालकांचे शेळ्या-मेंढ्यांचे कळप त्याच चराऊ उतारांवर येतात.