वास पोटातून येत नाही

तोंडाला वास यायला लागला की आपल्याकडे पहिला आळ पोटावर येतो. मग त्रिफळा, इसबगोल, सकाळचं गरम पाणी. पण अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर आला तरच पोटातली हवा वर येते. दहातल्या आठ-नऊ जणांचा वास तोंडातच तयार होतो.

आरशासमोर जीभ पूर्ण बाहेर काढा. टोकाशी गुलाबी, आणि मागे पांढरट-पिवळा थर. तिथल्या खाचांत अन्नकण, मेलेल्या पेशी आणि नाकातून घशात उतरलेला शेंबूड साचतो. हवा न पोचणाऱ्या या सांदीत जिवाणू प्रथिनं कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे गंधकाचे वायू सोडतात. लाळ हे सगळं धूत असते. झोपेत ती जवळजवळ आटते, म्हणून सकाळी उठल्यावर वास जास्त. निर्जळी उपवासाच्या दिवशीही तेच.

ओंजळीत फुंकून काही कळत नाही, नाक स्वतःच्या वासाला सरावलेलं असतं. मनगट चाटा, दहा सेकंद वाळू द्या, मग हुंगा. दाढांच्या फटीतून फ्लॉस, म्हणजे फटी साफ करायचा बारीक दोरा, फिरवून तोही हुंगा. एकाच फटीतून घाण वास आला तर तिथे कीड, अडकलेलं अन्न किंवा हिरडीत पू आहे.

जीभ घासायची पट्टी जमेल तितकी मागे टेकवून हलक्या दाबाने पुढे ओढा. चार-पाच वेळा, दर वेळी धुऊन. उमासा येत असेल तर ओढताना श्वास सोडत राहा. रक्त निघेपर्यंत खरवडणारे लोक आहेत. त्याने फक्त जीभ सोलते. रात्रीचं दात घासणं सकाळपेक्षा महत्त्वाचं: दोन मिनिटं, ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा.

दातांवरचं किटण ब्रशने निघत नाही, ते डॉक्टरांकडूनच काढावं लागतं. ‘किटण काढलं की दात हलतात’ हा समज उलटा आहे. आधीच सैल झालेला दात किटणाने धरून ठेवलेला असतो, ते निघालं की खरी स्थिती कळते, एवढंच.

माउथवॉशने वास काही तास दबतो. डॉक्टरांनी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन हा जंतुनाशक माउथवॉश दिला असेल तर १० मिली तोंडात घेऊन एक मिनिट खुळखुळवा, दिवसातून दोनदा. टूथपेस्टनंतर अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाने त्याचा जोर कमी होतो. दोन आठवड्यांपलीकडे ओढलं तर दात तपकिरी पडतात. बडीशेपही झाकणच, पण चावल्याने लाळ सुटते हा फायदा खरा. मिश्री लावून दात स्वच्छ होतात असं मानणाऱ्यांच्या हिरड्या तंबाखूने खराब होत असतात, वासाचा उगम तिथेच.

लसणाची गोष्ट वेगळी. त्यातला एक गंधकी घटक रक्तात उतरून फुफ्फुसांतून बाहेर पडतो, त्यामुळे कितीही घासलं तरी काही तास वास राहणारच. मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास, सोबत उलट्या किंवा धाप असेल तर मात्र ब्रश बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा.

एरवी वास तपासायला दंतवैद्याकडे जाताना त्या सकाळी माउथवॉश, वेलची, अत्तर काही नको. वास झाकून गेलात तर डॉक्टर हुंगणार काय?