शेल स्क्रिप्टमधील अटींची तपासणी

शेलमध्ये (टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) `[` हा नुसता कंस नाही, ती आज्ञा आहे: अट तपासणाऱ्या 'टेस्ट'चेच दुसरे नाव, फक्त शेवटी `]` द्यावा लागतो. म्हणूनच दोन घटकांमध्ये मोकळी जागा सक्तीची. `[ "$1"="हो" ]` (`$1` म्हणजे स्क्रिप्टला दिलेला पहिला मजकूर) असे चिकटवून लिहिले की आज्ञेच्या हाती एकच सलग मजकूर पडतो; तो रिकामा नसल्याने उत्तर कायम खरे येते.

सर्वाधिक घोळ अवतरणचिन्हे गाळल्याने होतात. `[ $1 = हो ]` मध्ये `$1` रिकामे असेल तर आज्ञेपर्यंत `= हो` एवढेच पोहोचते. बॅश हे शेल त्रुटी दाखवते आणि निर्गम संकेत (आज्ञा संपताना परत येणारा अंक; ० म्हणजे यश) २ देते. खरी गोम पुढे आहे. 'इफ'च्या लेखी ० सोडून सगळे खोटेच, त्यामुळे स्क्रिप्ट न थांबता 'एल्स'मध्ये शिरते. आज्ञा फसताच स्क्रिप्ट थांबवणारे 'सेट उणे-ई'ही इथे वाचवत नाही, कारण 'इफ'च्या अटीतले अपयश ते मोजतच नाही. मजकूर रिकामा नाही ना हे पाहणारे 'उणे-एन' त्याहून दगाबाज: अवतरणाविना रिकामे चल दिले तर पर्यायाचे नावच मजकूर ठरते आणि उत्तर 'खरे' येते, तेही त्रुटीसंदेशाशिवाय. उपाय एकच, `"$1"`.

बॅश, कॉर्न शेल आणि झेडशेलमधल्या `[[ ]]` मध्ये चलाचे तुकडे पडत नाहीत. डॅश या शेलमध्ये मात्र ही सोय नाही. `[[ ]]` मध्येही `==` च्या उजवीकडचे चल अवतरणात हवे. नाहीतर बॅश ते नमुना म्हणून वाचते आणि `*` कशाशीही जुळते.

`[ 10 > 9 ]` ही तुलनाच नव्हे. मधले चिन्ह इथे आज्ञेचे आउटपुट फाइलकडे वळवते, म्हणून `9` नावाची फाइल तयार होते, आधीची असेल तर रिकामी होते. `[[ 10 > 9 ]]` अक्षरक्रम पाहते, म्हणून खोटे. संख्यांसाठी 'उणे-जीटी' (मोठी) किंवा 'उणे-ईक्यू' (समान) वापरावे. पण `[[ ]]` मध्ये हे पर्याय मजकुराला अंकगणिती पदावली समजतात, आणि बाहेरून आलेल्या मजकुरात दडवलेली आज्ञा चालूही शकते. आधी 'केस'मध्ये `''|*[!0-9]*` या नमुन्याने अंकांव्यतिरिक्त सारे नाकारावे.

अटी जोडताना कंसातले 'उणे-ए' (आणि), 'उणे-ओ' (किंवा) टाळून `[ … ] && [ … ]` असे वेगळे लिहावे. मात्र `&& … ||` ही साखळी 'इफ-एल्स'ला पर्याय नाही: मधली आज्ञा फसली तरी शेवटची चालते.

'फाइल आहे का' हे पाहून मग ती बनवणे, यात मधल्या क्षणी दुसरी प्रक्रिया घुसू शकते. एका वेळी एकच प्रक्रिया चालावी यासाठी कुलूप म्हणून थेट 'एमकेडिर' ही फोल्डर बनवणारी आज्ञा चालवून त्याचाच संकेत तपासावा.