आलिशान क्रूझ प्रवास

आलिशान क्रूझ प्रवास : शंभर ते हजारच्या आसपास प्रवासी घेणाऱ्या जहाजावरचा, खाणेपिणे, बक्षिशी आणि बहुतेक सेवा भाड्यातच धरलेला सागरी प्रवास. सिल्व्हरसी, रीजंट सेव्हन सीज, सीबोर्न, एक्सप्लोरा जर्नीज या कंपन्या या वर्गातल्या. एमएससीचा यॉट क्लब किंवा नॉर्वेजियनचा हेवन हा निराळा प्रकार आहे. तिथे जहाज प्रचंडच असते, पण त्यातला एक भाग महागड्या सुइटवाल्यांसाठी राखलेला असतो.

जाहिरातीत झुंबरे आणि शॅम्पेन दिसते. जास्तीचे पैसे मात्र मोकळ्या जागेचे आणि टळलेल्या रांगांचे असतात. जागा मोजायची सोपी रीत म्हणजे जहाजाचे ग्रॉस टनेज भागिले प्रवासीसंख्या. हे ‘टन’ वजनाचे नव्हेत, जहाजाच्या आतल्या घनफळावरून काढलेला तो आकडा आहे. २०१६चे सेव्हन सीज एक्सप्लोरर सुमारे ५५,००० टनांचे आणि साधारण ७५० प्रवाशांचे आहे, म्हणजे माणशी ७३. २०२४चे आयकॉन ऑफ द सीज जवळपास २,४८,००० टनांचे आहे, पण खोलीत दोघे धरले तरी ५,६१० प्रवासी, म्हणजे ४४. गर्दीच्या जुन्या जहाजांत हा आकडा तिशीत येतो. पन्नासच्या वर असेल तर न्याहारीला टेबल शोधत फिरावे लागत नाही. दोन कंपन्यांची तुलना करताना माहितीपत्रकाआधी हा भागाकार करावा.

केबिनची निवड

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या जहाज सुटल्यावर सहसा दुरुस्त होत नाहीत. जहाज दोन तऱ्हांनी हलते : एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर, त्याला रोल म्हणतात, आणि पुढचे टोक वर गेले की मागचे खाली, त्याला पिच. पाण्याखालचे स्टॅबिलायझरचे पंख रोल बराच कमी करतात, पिचवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. सी-सॉच्या मधोमध बसलेल्याला हेलकावा कमी लागतो, तसेच इथे. बोट लागणाऱ्याने जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. गंमत अशी, की काही जहाजांवर सर्वांत महाग सुइट सर्वांत वर आणि अगदी पुढे असतात. समोरून लाटा आल्या की सगळ्यात जास्त तेच उचलले आणि आपटले जातात.

आवाजाचे गणित वेगळे आहे. डेकचा नकाशा घेऊन आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते पाहावे. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे डेक धुणे आणि खुर्च्या ओढणे सुरू होते. खाली नाट्यगृह असेल तर रात्री ड्रम ऐकू येतो. नकाशावर काहीच न लिहिलेला पांढरा चौकोन दिसला तर ते बहुधा मुदपाकखान्याचे किंवा सामानाचे दालन असते; तिथून ट्रॉल्या फिरतात. पुढच्या टोकाला खालच्या डेकवर नांगराची साखळी सुटते ती सकाळी सहाच्या सुमारास, आणि मागच्या टोकाला इंजिनाची थरथर जाणवते. शेजारच्या केबिनशी जोडणारे दार असेल तर पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येतो. कुटुंब दोन केबिनींत राहणार असेल तर तेच दार सोयीचे.

केबिनच्या आतला एक बारकावा : पलंग बाल्कनीकडे आहे की न्हाणीघराकडे? पलंग काचेला लागून असेल तर पहाटे उठून बाल्कनीत जाणारा माणूस जोडीदाराची झोप मोडतो. दोघांच्या उठण्याच्या वेळा वेगळ्या असतील तर सोफा काचेकडे असलेला नमुना मागावा. एकाच भाड्यात दोन्ही नमुने असतात, पण न विचारता मिळेल त्याची खात्री नसते. ‘गॅरंटी’ भाडे स्वस्त पडते, मात्र त्यात कंपनी देईल ती केबिन घ्यावी लागते.

उजवी बाजू घ्यावी की डावी, यावर फार काथ्याकूट होतो. अलास्कातल्या ग्लेशिअर बेमध्ये जहाज हिमनदीसमोर गोल फिरवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दर्शन होते. इंग्रजीतला ‘पॉश’ हा शब्द मुंबईच्या वाटेवरच्या पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवरून आला, इंग्लंडहून जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची (‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’) सावलीतली केबिन श्रीमंत घेत, अशी कथा सांगतात. कथा झकास आहे, पण पुराव्याने सिद्ध होत नाही.

बोट लागणे

गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही. अ‍ॅव्होमिनसारखे औषध जहाज हलण्याआधी, शक्यतो आदल्या रात्री घेतात. त्याने झोप येते, त्यामुळे सोबत मद्य नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल किंवा इतर औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. उपाशी राहिल्याने त्रास वाढतो. कोरडे बिस्कीट, आलेपाक, हिरवे सफरचंद आणि क्षितिजावर नजर, एवढ्यावर बऱ्याच जणांचे निभते. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांमधल्या ड्रेक सामुद्रधुनीत मात्र जाताना दोन आणि येताना दोन दिवस कसोटी लागू शकते. अंटार्क्टिकासाठी जहाज लहानच निवडावे, कारण ५००हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांना तिथे माणसे उतरवता येत नाहीत, आणि एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० जण किनाऱ्यावर असू शकतात.

व्हिसा आणि कागद

भारतीय पासपोर्टधारकाची सहल बहुधा समुद्रात नव्हे, कागदावर अडते. बार्सिलोनाहून निघून तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रोला जाऊन पुन्हा ग्रीसला येणारे जहाज शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर पडून परत आत शिरते, म्हणून मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा लागतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे. जुनी माहिती इथे फसवते. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या अलास्का सहलीला अमेरिका आणि कॅनडा दोन्ही व्हिसा हवेत. एक जरी कमी असला तरी बंदरावरूनच परत पाठवतात आणि भाडे परत मिळत नाही. ब्राझीलसारख्या पीतज्वराच्या देशातून भारतात परतताना लशीचे प्रमाणपत्र लागते. ते लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध होते, आणि नसल्यास विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

विम्यात जहाजावरचे उपचार आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च दोन्ही स्पष्ट लिहिलेले असावेत. जहाजावरचा डॉक्टर बिल आपल्या जहाजावरच्या खात्याला लावतो. विमा कंपनीकडून ते नंतर आपणच वसूल करायचे असते.

सामान

इस्त्री आणि किटली जहाजावर चालत नाही, स्कॅनिंगमध्ये काढून घेतात. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्डही जप्त होतो. जहाजाची वीजजोडणी घरच्यासारखी नसते आणि त्यात असा बोर्ड तापून पेटू शकतो. आपला तीनपिनी प्लग सहसा बसत नाही. युरोपीय दोन गोल पिनांचा आणि अमेरिकी चपट्या पिनांचा अ‍ॅडॅप्टर घ्यावा. न्हाणीघरात पाण्याचा जेट क्वचितच असतो, तेव्हा हाताने दाबायची प्रवासी बाटली बरोबर ठेवलेली बरी. मोठी बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. औषधे, पासपोर्ट, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत असावा. औपचारिक रात्री टक्सिडोच लागतो असे नाही. बंदगळा, शेरवानी किंवा रेशमी साडी चालते, आणि सहसा उठूनच दिसते.

जेवण

‘व्हेजिटेरियन’ एवढेच कळवणे पुरेसे नाही. सुपात कोंबडीचा स्टॉक, सीझर सॅलडमध्ये अँकोव्ही मासा, पन्ना कोटा या गोड पदार्थात प्राणिज जिलेटिन असते, आणि अंडे सर्रास शाकाहारी धरतात. काय चालत नाही ते पदार्थागणिक लिहून आरक्षणाच्या वेळीच द्यावे : मासे नाही, अंडे नाही, जैन असल्यास कांदा, लसूण, बटाटाही नाही. पहिल्या संध्याकाळी उपाहारगृहाच्या प्रमुखाला भेटून तेच पुन्हा सांगावे आणि पुढच्या दिवसाचे जेवण आदल्या रात्री ठरवावे. मुदपाकखान्यात भारतीय हात बहुधा असतोच. गोव्यातल्या कित्येक घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर ‘तारवटी’ म्हणजे खलाशी म्हणून गेलेले आहेत, आणि नीट विचारले तर फोडणीचे वरणही होते.

बंदरांवर

व्हेनिसमध्ये १ ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनांहून किंवा १८० मीटरहून मोठ्या जहाजांना शहरातल्या ज्युडेक्का कालव्यात बंदी आहे. ‘व्हेनिसहून’ असे छापलेली सहल प्रत्यक्षात मार्गेराहून किंवा दोन-अडीच तासांवरच्या रावेन्नाहून सुटू शकते, म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी धक्क्याचे नाव विचारावे.

सँटोरिनी या ग्रीक बेटापाशी जहाज नांगर टाकते आणि टेंडर म्हणजे छोट्या बोटींनी माणसे जुन्या बंदरात उतरवतात. तिथून ‘फिरा’ नावाचे गाव वर कड्यावर आहे : रोपवे, नाहीतर ५८८ पायऱ्या, नाहीतर खेचर. दुपारनंतर चार-पाच जहाजांची माणसे एकदमच खाली यायला निघतात आणि रोपवेची रांग तासाच्या वर जाते. शेवटच्या टेंडरच्या दोन तास आधी रांगेत उभे राहावे. पायऱ्यांनी उतरता येते, पण त्या गुळगुळीत आहेत, आणि त्याच वाटेने खेचरेही येतात.

जहाजावर परतायची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. मोबाईल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, आणि दोन्हींत तासाचा फरक असू शकतो. कंपनीने नेलेली सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबते. खाजगी टॅक्सीवाल्यासाठी थांबत नाही. हवामानामुळे किंवा तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांसारख्या धोक्यामुळे बंदर गाळण्याचा हक्क करारात कंपनीकडे असतो, आणि परत मिळते ते जेमतेम बंदरशुल्क. एकाच बंदरासाठी सहल निवडू नये.

सुरक्षा कवायत

२०१२मध्ये कोस्टा काँकॉर्डिया हे क्रूझ जहाज बुडाल्यानंतर नियम कडक झाले; आता कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा जमण्याचा इशारा. हजेरी सर्वांत महागड्या सुइटवाल्यालाही चुकत नाही.

उतरताना

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि मध्यरात्रीच्या आत त्या उचलून नेतात. सगळेच भरून टाकणारे प्रवासी प्रत्येक फेरीला निघतात, आणि सकाळी न्याहारीला झोपायच्या कपड्यांत व केबिनच्या सपातांत येतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि बूट आधी खुर्चीवर काढून ठेवावेत, मग बॅग भरावी. परतीचे विमान दुपारी बारानंतरचे घ्यावे.